पिसणं प्रामाणिक होतं

आधीच सांगून टाकतो. मी पत्त्यांत फसवलं आहे. एकदाच, 2017 च्या दिवाळीत, मोखाड्यात, घराच्या ओट्यावर बसून, लहानपणापासूनच्या मित्राला. रक्कम 1,900 रुपये. पुढे पुण्यात साडेतीन वर्षं मी एका ऑनलाइन रमीच्या अ‍ॅपमध्ये पत्ते पिसण्याचा कोड सांभाळला. तिथे एकही पत्ता इकडचा तिकडे केला नाही. उलट कुणी केला तर तो पकडणं हेच माझं काम होतं. त्याच मित्राचे तसल्याच एका अ‍ॅपवर (आमच्या नाही, पण त्याने काय फरक पडतो) 62,000 रुपये गेले.

या दोनपैकी माझी कुठली गोष्ट जास्त वाईट? पहिली, असं उत्तर पटकन येतं. पहिलीत खोटेपणा होता. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं.

*

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. बदली होऊन आम्ही मोखाड्याला आलो तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि आमचा तालुका अजून ठाणे जिल्ह्यात होता. जव्हार-मोखाड्याची बातमी आली की ती कुपोषणाची नाहीतर पाणीटंचाईची असते, त्यामुळे आमच्याकडच्या बोहाड्याबद्दल बाहेर फार कुणाला माहीत नसतं. बोहाडा म्हणजे मुखवट्यांचा उत्सव. रात्री संबळ वाजायला लागतो, टेंभे पेटतात आणि एकेक सोंग नाचत येतं. गणपती येतो, रावण येतो, देवी येते, महिषासुर येतो. मुखवट्याच्या आत कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. सकाळी ज्याच्याकडून साखर आणली, तोच रात्री देव होऊन समोर येतो. आणि तरीही माझ्या शेजारी उभी असलेली आजी हात जोडायची. तिला कुणी फसवत नव्हतं आणि ती नाटकही करत नव्हती. हे मला तेव्हा कळलं नाही, आणि अजूनही पूर्ण कळलंय असं नाही.

त्याच गर्दीच्या कडेला एका वर्षी तीन पत्त्यांवाला बसला होता. एक पोतं अंथरलेलं, बॅटरीचा दिवा, तीन पत्ते, त्यात एक बदामची राणी. राणी कुठे ते सांगा, दहाचे वीस घ्या. पहिला जिंकणारा माणूस त्याचाच, हे बाबांनी मला कानात सांगितलं. पत्ते टाकताना त्याच्या एका हातात दोन पत्ते असतात आणि तो खालचा टाकतोय असं दाखवून वरचा टाकतो, हेही सांगितलं. मी टक लावून बघितलं, तरी काही दिसलं नाही.

जादूगार आणि पत्त्यांतला ठग यांच्यात फरक काय, असं विचारलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं: जादूगार आधी सांगून फसवतो, ठग न सांगता फसवतो. समोरच्याची संमती असेल तर कला, नसेल तर गुन्हा. उत्तर चांगलं आहे, पण तीन पत्त्यांवाल्यापाशी ते अडतं. तो फसवतो हे त्या गर्दीत सगळ्यांना माहीत होतं. पैसे लावणाऱ्यालाही. किंबहुना त्याचा धंदा त्यावरच चालतो. या खेळातली जुनी, जगभर चालणारी युक्ती अशी: पत्तेवाल्याचं लक्ष नाही असं बघून त्याचाच साथीदार राणीचा कोपरा हळूच दुमडतो आणि तुम्हाला डोळा मारतो. आता तुम्हाला राणी ओळखता येते. तुम्ही मोठी रक्कम लावता. पत्ता उलटला की सत्ती निघते, कारण पत्ते टाकता टाकता त्याने एक कोपरा सरळ करून दुसरा दुमडलेला असतो. तक्रार कुणाकडे करणार? त्या क्षणी तुम्हीच त्याला फसवायला निघालेले होतात.

*

सातवीत असताना अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे एक कार्यकर्ते शाळेत आले होते. त्यांनी हातातून अंगारा काढला, पाण्याने कापूर पेटल्यासारखं काहीतरी करून दाखवलं, आणि मग एकेक गोष्ट उलगडून सांगितली. ही गोळी बोटांच्या बेचक्यात असते, हे अमुक रसायन. शेवटी त्यांनी आमच्या गुरुजींकडून दहाची नोट मागून घेतली, नंबर फळ्यावर लिहिला, नोट फाडली, मूठ वळली, उघडली. नोट अखंड. नंबर तोच. ती त्यांनी गुरुजींच्या हातात दिली आणि म्हणाले, ही मात्र सांगणार नाही. ही जादू आहे. गुरुजींची नोट गुरुजींकडे आहे.

2013 मध्ये 20 ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात गुन्हा ठरवलाय तो तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळवण्याला, त्यातून लोकांना फसवण्याला आणि दहशत बसवण्याला. नुसत्या हातचलाखीला कायद्याने हात लावलेला नाही. कायद्याचा मजकूर मी खूप नंतर वाचला आणि मला ती दहाची नोट आठवली.

*

इंजिनियरिंगच्या हॉस्टेलवर मला पत्त्यांचं वेड लागलं. सुरुवात यूट्यूबने झाली आणि मग एर्डनेस सापडला. 1902 मध्ये शिकागोत एस. डब्ल्यू. एर्डनेस या नावाने ‘द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल’ हे पुस्तक छापलं गेलं. हा माणूस नेमका कोण होता हे आजवर ठरलेलं नाही. प्रस्तावनेत तो सरळ सांगतो की त्याला पैशांची गरज आहे म्हणून पुस्तक लिहिलंय. आधी जुगाराच्या टेबलावरची लबाडी: खोटं पिसणं, तळातला पत्ता वाटणं, काटलेला कॅट गुपचूप पूर्ववत करणं. आणि नंतर त्याच पुस्तकात जादूचे प्रयोग. हात तेच, बोटं तीच. पहिला भाग संपून दुसरा सुरू होतो तेव्हा माणूस बदलल्यासारखं अजिबात वाटत नाही.

डाय व्हर्नन नावाचा जादूगार हे पुस्तक कोळून प्यायला होता. 1932 मध्ये त्याच्या कानावर आलं की कुणीतरी जुगारी कॅटच्या मधोमध असलेला पत्ता वाटू शकतो. हे अशक्य मानलं जायचं. त्याने शोध घेत घेत मिझुरी राज्यातल्या प्लेझंट हिल गावात अ‍ॅलन केनेडी नावाचा तो माणूस गाठला. व्हर्ननला त्यातून डाव जिंकायचे नव्हते, ती गोष्ट बघायची आणि शिकायची होती. याच व्हर्ननबरोबर पर्सी डायकोनिस नावाचा पोरगा चौदाव्या वर्षी घर सोडून फिरला, आणि तो पुढे मोठा गणिती झाला. अर्धा-अर्धा कॅट एकमेकांत मिसळून पिसला तर 52 पत्ते नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं, हे 1992 मध्ये त्याने आणि डेव्ह बेयरने दाखवलं. आपण हातात धरून वरच्यावर पिसतो त्याला तर त्याहून कितीतरी जास्त वेळा लागतं. आपल्या घरोघरच्या मेंढीकोटात पत्ते कधी नीट मिसळलेलेच नसतात. असो.

सहा महिने मी रोज तासभर तळातला पत्ता वाटायचा सराव केला. बाकी पोरं गेट द्यायची तयारी करत होती. मला जादूगार व्हायचं होतं असं मी स्वतःला सांगत होतो.

*

2017 ची दिवाळी. आमच्याकडे दिवाळीनंतर गावं रिकामी होतात. वीटभट्टीवाल्यांचे मुकादम येतात, कुटुंबांना उचल देतात, आणि मग ट्रकमधून बायका, पोरं, कोंबड्यांसकट माणसं भिवंडी-वसईकडे जातात. पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. उचल म्हणजे आधी घेतलेली मजुरी, जी मग सहा-सात महिने राबून फेडायची. मित्राच्या घरात उचल आलेली होती आणि त्यातले काही पैसे त्याच्या खिशात होते.

आम्ही चौघं तीन पत्ती खेळत होतो, पाच रुपयांचं बोट. माझा वाटायचा नंबर आला की मी तळातून वाटत होतो. पहिल्यांदा फक्त जमतं का ते बघायला. तीन पत्त्यांचे एकूण 22,100 हात होऊ शकतात आणि त्यातले जोडी असलेले शेकड्याला सतरासुद्धा नाहीत. मला माझ्या प्रत्येक वाटण्याला जोडी येत होती. दोघं पोरं कंटाळून उठली. मित्र उठला नाही. शेवटच्या डावात तो राजाच्या जोडीवर बसला होता आणि माझ्याकडे एक्क्याची जोडी होती. ती कुठून आली हे मला माहीत होतं.

मी हसून पत्ते उघडणार होतो, बघ कशी केली म्हणणार होतो, पैसे परत सरकवणार होतो. हे मी नंतर रचलेलं नाही, खरंच तसं ठरवलं होतं. पण पैसे परत द्यायचे म्हणजे गेले दोन तास मी काय करत होतो ते सांगावं लागणार. मी एक मिनिट थांबलो, मग दोन. मग आईने फराळाला हाक मारली. त्या दोन मिनिटांत मी जादूगाराचा ठग झालो, आणि त्यासाठी मला वेगळं काहीच करावं लागलं नाही.

तीन दिवसांनी तो ट्रकमधून भट्टीवर गेला. त्या पैशांतून मी हेडफोन घेतले.

*

महाभारतातला जुगार आपल्याला शकुनीच्या मंतरलेल्या फाशांमुळे आठवतो. बापाच्या हाडांचे फासे वगैरे. ती नंतरची लोककथा आहे, भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ती नाही. सभापर्वात आहे तो एक वाद, आणि मला तो हाडांपेक्षा जास्त भीतिदायक वाटतो. डावाआधी युधिष्ठिर म्हणतो, कपटाने खेळणं पाप आहे. त्यावर शकुनीचं म्हणणं साधारण असं: जाणकार माणूस अजाण माणसावर मात करतो तेव्हा तेही एका परीने कपटच असतं, पण लोक त्याला कपट म्हणत नाहीत. तुला भीती वाटत असेल तर खेळू नकोस.

आता आपला कायदा बघा. 1887 च्या मुंबईच्या जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यनारायण खटल्यात सांगितलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा. ऑनलाइन रमीचा सगळा धंदा या निकालावर उभा राहिला. आमच्या ऑफिसात हा निकाल नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगायचे. कौशल्य असेल तर जुगार नाही. शकुनीचंही तेच म्हणणं होतं: मी फक्त तुझ्याहून चांगला खेळतो.

युधिष्ठिराचं पुढे काय झालं हे फार सांगितलं जात नाही. वनवासात बृहदश्व ऋषींनी त्याला अक्षहृदय शिकवलं, म्हणजे फाशांचं मर्म. ते घेऊन तो हस्तिनापूरला वसुली करायला गेला नाही. अज्ञातवासात कंक नावाने विराटाच्या दरबारी राजाला द्यूतात सोबत करायला राहिला. विद्या आली, पाठोपाठ नोकरी. मला त्याच्यात माझा रिझ्युमे दिसतो.

*

पिसण्याच्या कोडबद्दल थोडं सांगतो, कारण मला त्याचा अभिमान होता. संगणकावर पत्ते पिसायची साधी, बरोबर पद्धत आहे, फिशर-येट्स. तीत एक छोटी चूक फार जण करतात: प्रत्येक पत्त्याची अदलाबदल उरलेल्यांपैकी एकाशी करायच्या ऐवजी सगळ्या 52 पैकी कुठल्याही एकाशी करतात. दिसायला जास्त पिसल्यासारखं दिसतं, पण काही क्रम जास्त वेळा येतात, काही कमी. 1999 मध्ये प्लॅनेटपोकर या साइटवरच्या खेळात ही चूक होती आणि शिवाय एक मोठी होती. पिसण्याची सुरुवात मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले या आकड्यावरून व्हायची. दिवसात मिलिसेकंद 8 कोटी 64 लाख. 52 पत्त्यांचे क्रम किती, तर 8 वर 67 शून्यं. काही इंजिनियरांनी सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं, शक्यता दोनेक लाखांवर आणल्या, आणि हातातले दोन व टेबलावरचे तीन पत्ते बघून सगळ्यांचे पत्ते सांगणारा प्रोग्रॅम लिहिला. ही चूक त्यांना सापडली कशी? कंपनीने आपला कोड स्वतःच प्रसिद्ध केला होता. आमचं पिसणं किती प्रामाणिक आहे, हे लोकांना दाखवायला.

आमच्याकडे असलं काही नव्हतं. बाहेरच्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र होतं, दर तिमाहीला मी लाखो डावांची चाचणी चालवायचो. शेजारच्या टीमचं काम वेगळं. तीन दिवस न आलेल्या माणसाला कुठल्या वेळी, किती बोनसची नोटिफिकेशन पाठवली की तो परत येतो, हे ते शोधायचे. पगाराच्या तारखेनंतर काय होतं याचे त्यांच्याकडे सुंदर आलेख होते. दुपारी आम्ही एकत्र जेवायचो.

कधी कधी मला मटक्याचा विचार यायचा. 1962 मध्ये कल्याणजी भगतचा वरळी मटका, 1964 मध्ये रतन खत्रीचा न्यू वरळी मटका. तीन पत्ते काढायचे, बेरजेचा शेवटचा आकडा धरायचा. शून्य ते नऊ, दहा आकडे, आणि बरोबर आला तर एका रुपयाला नऊ. खत्रीचा आकडा खरा असतो असा लोकांचा विश्वास होता, आणि तो असला तरी काय? आकडा कितीही खरा निघाला तरी प्रत्येक रुपयातले सरासरी दहा पैसे तिकडेच राहणार. गिरणीतल्या माणसाला लुबाडायला एकही पत्ता लपवायची गरज नव्हती. लपवला असता तर उलट धंदा बसला असता.

*

21 ऑगस्ट 2025 ला ऑनलाइन गेमिंगचं विधेयक संसदेत मंजूर झालं. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. दीडशे वर्षांचा घोळ एका वाक्यात संपला. आमची टीमही संपली. मला महिनाभरात दुसरीकडे काम मिळालं. त्या दिवाळीला मी मोखाड्याला गेलो.

मित्र आता दुसऱ्याची पिकअप चालवतो, मोगऱ्याच्या कळ्या नाशिकला पोचवतो. घाटातल्या एका वळणावर त्याने गाडी थांबवली आणि म्हणाला, “इथं रेंज येते. सगळे पैसे इथंच गेले.” पाड्यावर नेटवर्क नाही. तो रात्री जेवून मोटरसायकलने या वळणावर यायचा, दगडावर बसून रमी खेळायचा आणि परत जायचा. आठ महिने. 62,000 मधले 40,000 बायकोच्या बचत गटाच्या कर्जातले होते.

मी त्याला 2017 चं सांगितलं. सगळं. तळातला पत्ता, एक्के, हेडफोन.

तो हसला. “मला वाटलंच होतं रे. काय करतोस ते दिसलं नाही, पण तुझ्या हातांकडं बघत होतो. ट्रकात बसलो तेव्हा ठरवलं, याच्यासंगं परत पैसे लावून बसायचं नाही.”

“आणि फोनवर?”

“फोनवर काय बघू? तिथं हातच नाहीत.”

मी त्याला सांगितलं की तिथे बहुतेक कुणी पत्ते फिरवत नव्हतं, पिसणं बरोबर असतं, मी स्वतः तेच काम करत होतो. मला वाटलं हे ऐकून त्याला थोडं बरं वाटेल. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे माझीच चूक.”

मी बोलत सुटलो. प्रत्येक डावातून कंपनी वाटा घेते, दिवसाला दहा तास खेळणारी माणसं समोर असतात, बोनस कसा लावतात. तो ऐकत होता, पण मला कळत होतं की यातलं एकही वाक्य “मी तळातून वाटत होतो” या वाक्याइतकं त्याच्या कामाचं नाही. ते वाक्य ऐकून तो हसू शकला होता. 62,000 बद्दल त्याने बायकोलासुद्धा पाच महिने सांगितलं नव्हतं.

मी 1,900 रुपये काढून दिले. नको म्हणाला नाही. मोजले, शर्टाच्या खिशात ठेवले, गटाचा हप्ता आहे म्हणाला. 62,000 बद्दल मी काही बोललो नाही. त्या पैशांशी माझा कागदोपत्री काही संबंध नाही, कंपनीही माझी नव्हती. माझा पगार मात्र अशाच कुठल्यातरी वळणांवरून येत होता.

डॅशबोर्डच्या खणात पत्त्यांचा जुना कॅट होता. तो माझ्याकडे देत म्हणाला, “दाखव कसं ते.” मी दाखवलं. त्याला दिसलं नाही.

“हळू कर.”

मी बोटं दिसतील अशी हळू केली. तळातला पत्ता सरकताना त्याला दिसला. त्याने माझा हात धरून थांबवला, अंगठा कुठे आहे ते वाकून बघितलं.

“परत कर,” म्हणाला.